विठ्ठलभाई पटेल

विठ्ठलभाई झवेरभाई पटेल (२७ सप्टेंबर, १८७३ – २२ ऑक्टोबर, १९३३) हे भारतीय स्वातंत्र्यचळवळीतील नेते, बॅरिस्टर, स्वराज्य पक्षाच्या संस्थापकांपैकी एक आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या केंद्रीय विधानसभेचे पहिले निर्वाचित अध्यक्ष होते. ऑगस्ट १९२५ ते एप्रिल १९३० या काळात त्यांनी हे पद भूषविले. सरदार वल्लभभाई पटेल हे त्यांचे धाकटे बंधू होत. मुंबई इलाख्यातील प्राथमिक शिक्षणाचा १९१८ चा कायदा, हिंदूंमधील आंतरजातीय विवाहांना वैधता देणारे ‘पटेल बिल’ आणि विधानसभेच्या स्वतंत्र सचिवालयाची स्थापना ही त्यांची प्रमुख संसदीय कामे मानली जातात. सभागृहाला जबाबदार नसलेल्या परक्या कार्यकारी सत्तेसमोर सभागृहाच्या अध्यक्षाचे स्वातंत्र्य कोठवर टिकू शकते, हा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीत प्रथमच प्रत्यक्ष कसोटीला लागला.

कुटुंब आणि शिक्षण

विठ्ठलभाईंचे कुटुंब गुजरातच्या तत्कालीन खेडा जिल्ह्यातील करमसद या गावचे. वडील झवेरभाई हे शेतकरी असून स्वामिनारायण संप्रदायाचे अनुयायी होते. आईचे नाव लाडबा. झवेरभाई तरुणपणी घर सोडून १८५७ च्या उठावात सामील झाले होते व झाशीच्या राणीच्या सैन्यात होते, अशी कथा या कुटुंबात परंपरेने सांगितली जाते. सोमाभाई, नरसिंहभाई, विठ्ठलभाई, वल्लभभाई आणि काशीभाई असे पाच भाऊ आणि डाहीबा ही एक बहीण, असा हा परिवार होता. विठ्ठलभाई भावंडांत तिसरे होते.

करमसद व नडियाद येथील शिक्षणानंतर महाविद्यालयात न जाता ते प्लीडरची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांनी प्रथम गोध्रा व नंतर बोरसद येथे वकिली केली. पुढे वल्लभभाईंनीही हाच मार्ग धरला. दोघांनाही इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर होण्याची इच्छा होती. वल्लभभाईंनी त्यासाठी पैसे साठवून प्रवासाची कागदपत्रे मागविली. दोघांच्याही नावांची इंग्रजी आद्याक्षरे सारखीच असल्याने ती विठ्ठलभाईंच्या हाती पडली. थोरल्या भावाने धाकट्याच्या मागून जाणे योग्य दिसणार नाही, हे विठ्ठलभाईंचे म्हणणे वल्लभभाईंनी मान्य केले आणि त्यांच्या खर्चाचा भारही उचलला. विठ्ठलभाई १९०५ मध्ये इंग्लंडला गेले. लिंकन्स इन या संस्थेतून बॅरिस्टर होऊन ते १९०८ मध्ये परतले व त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. १९१० मध्ये वल्लभभाई इंग्लंडला गेले तेव्हा त्यांची मुले मणिबेन व डाह्याभाई शिक्षणासाठी मुंबईत राहिली. विठ्ठलभाईंच्या पत्नी दिवाळीबा यांचे लवकर निधन झाले. त्यांना अपत्य नव्हते व त्यांनी पुन्हा विवाह केला नाही.

सार्वजनिक जीवन ही पुढे या घराण्याची ओळख ठरली. वल्लभभाई स्वतंत्र भारताचे पहिले उपपंतप्रधान व गृहमंत्री झाले. मणिबेन यांनी अनेकदा तुरुंगवास भोगला आणि स्वातंत्र्यानंतर त्या लोकसभेच्या सदस्य होत्या, तर डाह्याभाई राज्यसभेचे सदस्य झाले. या कुटुंबातून कायदेमंडळात प्रथम पाऊल टाकणारे मात्र विठ्ठलभाईच होते.

मुंबईचे कायदे कौन्सिल

विठ्ठलभाई १९१२ च्या सुमारास मुंबई कायदे कौन्सिलचे सदस्य झाले. मोर्ले-मिंटो सुधारणांनी कौन्सिलांतील सदस्यसंख्या वाढली होती, परंतु सरकारवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार सदस्यांना मिळालेला नव्हता. प्रश्न विचारणे, ठराव मांडणे आणि दुरुस्त्या सुचविणे एवढीच साधने त्यांच्या हाती होती. या साधनांचा विठ्ठलभाईंनी सातत्याने वापर केला. कामकाजाच्या नियमांचा बारकाईने अभ्यास करून त्यांतील प्रत्येक वाट धुंडाळणे ही त्यांची पद्धत येथेच तयार झाली.

त्यांचे या काळातील सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे १९१८ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा. गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९११ मध्ये केंद्रीय कौन्सिलात मांडले होते. सरकारी मतांच्या बळावर ते १९१२ मध्ये फेटाळले गेले. विठ्ठलभाईंनी तोच हेतू प्रांतिक पातळीवर आणि मर्यादित स्वरूपात पुढे नेला. आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा या कायद्याने नगरपालिकांना दिली. कायदा ऐच्छिक होता व ग्रामीण भागाला लागू नव्हता. तरीही ब्रिटिश हिंदुस्थानात सक्तीच्या शिक्षणाचे तत्त्व मान्य करणारा हा पहिला कायदा होता. त्यानंतर थोड्याच काळात इतर प्रांतांतही असे कायदे झाले. मुंबई इलाख्यात हा कायदा ‘पटेल कायदा’ म्हणूनच ओळखला गेला.

पटेल बिल

१९१८ मध्ये विठ्ठलभाई केंद्रीय कायदे कौन्सिलचे सदस्य झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी हिंदू आंतरजातीय विवाह विधेयक मांडले. वधू-वर एका जातीचे नाहीत एवढ्याच कारणाने हिंदूंमधील कोणताही विवाह अवैध ठरू नये, अशी त्याची तरतूद होती. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली असा विवाह करावयाचा झाल्यास आपण हिंदू नसल्याचे जाहीर करावे लागे. धर्म न सोडता जातीबाहेर विवाह करू इच्छिणाऱ्यांची ही अडचण दूर करणे हा विधेयकाचा उद्देश होता.

या विधेयकावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. सनातनी मंडळींनी त्याला धर्मावरील आक्रमण मानले, तर सुधारकांनी व ब्राह्मणेतर चळवळीतील पुढाऱ्यांनी त्याचे समर्थन केले. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी विधेयकाला जाहीर पाठिंबा दिला व १९१९ मध्ये आपल्या संस्थानात आंतरजातीय विवाहांना मान्यता देणारा कायदा केला. केंद्रीय कौन्सिलात मात्र पटेल बिल संमत झाले नाही. नागपूरचे हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नांनी १९२३ मध्ये विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती होऊन या मागणीचा काही भाग पूर्ण झाला. हिंदूंमधील आंतरजातीय विवाहांना सर्वसाधारण वैधता देणारा कायदा स्वतंत्र भारतात १९४९ मध्ये झाला.

१९१९ मध्ये रौलट विधेयकांना कौन्सिलात ज्यांनी कडवा विरोध केला त्यांत विठ्ठलभाई होते. ऑगस्ट-सप्टेंबर १९१८ मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या विशेष अधिवेशनाचे ते स्वागताध्यक्ष होते. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांविषयी काँग्रेसची बाजू मांडण्यासाठी १९१९ मध्ये इंग्लंडला गेलेल्या शिष्टमंडळात लोकमान्य टिळकांसमवेत त्यांचाही समावेश होता.

असहकार आणि स्वराज्य पक्ष

१९२० मध्ये महात्मा गांधींच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने असहकाराचा आणि त्यासोबत कायदेमंडळांवरील बहिष्काराचा ठराव केला. कायदेमंडळाच्या आत राहून सरकारची कोंडी करता येते, असे विठ्ठलभाईंचे मत होते. त्यामुळे बहिष्काराचा हा भाग त्यांना पटलेला नव्हता. तथापि, काँग्रेसचा निर्णय त्यांनी पाळला.

फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरा येथील हिंसाचारानंतर गांधींनी चळवळ स्थगित केली. पुढील मार्ग ठरविण्यासाठी काँग्रेसने कायदेभंग चौकशी समिती नेमली. हकीम अजमल खान, मोतीलाल नेहरू व विठ्ठलभाई यांनी कायदेमंडळप्रवेशाच्या बाजूने कौल दिला. डॉ. अन्सारी, चक्रवर्ती राजगोपालाचारी व कस्तुरीरंग अय्यंगार विरोधात होते. गया येथील काँग्रेस अधिवेशनात प्रवेशाची मागणी फेटाळली गेल्यावर चित्तरंजन दास व मोतीलाल नेहरू यांनी जानेवारी १९२३ मध्ये स्वराज्य पक्ष स्थापन केला. विठ्ठलभाई त्याच्या प्रमुख नेत्यांपैकी एक होते. वल्लभभाई मात्र ‘नाफेरवाल्यां’च्या गटात, म्हणजे बहिष्कार कायम ठेवू इच्छिणाऱ्यांत राहिले. दोन भावांच्या राजकारणाची दिशा येथून वेगळी झाली. एकाने खेडा, बोरसद व बारडोलीच्या शेतकऱ्यांची संघटना उभारली, तर दुसऱ्याने सभागृहाच्या नियमांतून लढा चालविला.

१९२३ च्या निवडणुकीत विठ्ठलभाई केंद्रीय विधानसभेवर निवडून आले. मुंबई महापालिकेतही ते या काळात काम करीत होते आणि १९२४ मध्ये ते महापालिकेचे अध्यक्ष झाले.

अध्यक्षपदाची निवडणूक

केंद्रीय विधानसभा १९१९ च्या कायद्याने अस्तित्वात आली. तिचे बहुसंख्य सदस्य निवडलेले आणि उरलेले सरकारनियुक्त होते. मताधिकार मालमत्तेवर आधारलेला असल्याने मतदारांची संख्या अल्प होती. सरकारचा पराभव झाला तरी सरकार पायउतार होत नसे. सभागृहाने नाकारलेली विधेयके व खर्चाच्या मागण्या विशेषाधिकाराने मंजूर करण्याची आणि वटहुकूम काढण्याची सत्ता व्हाइसरॉयकडे होती.

पहिले अध्यक्ष सर फ्रेडरिक व्हाइट यांची नेमणूक सरकारने चार वर्षांसाठी केली होती. ब्रिटिश पार्लमेंटचा अनुभव असलेले व्हाइट यांनी कामकाजाची घडी बसवली. ही मुदत संपल्यावर अध्यक्षाची निवड सभागृहाने करावयाची व त्या निवडीला गव्हर्नर जनरलची मान्यता घ्यावयाची, अशी तरतूद होती. त्यानुसार २२ ऑगस्ट, १९२५ रोजी सिमला येथे निवडणूक झाली. स्वराज्य पक्षाचे उमेदवार विठ्ठलभाई यांना ५८ आणि दिवाणबहादुर टी. रंगाचारी यांना ५६ मते मिळाली. दोन मतांनी विजयी झालेल्या विठ्ठलभाईंनी २४ ऑगस्ट रोजी अध्यक्षपदाची सूत्रे घेतली.

अडवणूक हेच धोरण जाहीर केलेल्या पक्षाचा एक अग्रगण्य सदस्य आता सभागृहाचे कामकाज सुरळीत चालविण्यास बांधील झाला होता. सरकारी बाकांवरील सदस्यांना त्यांच्या निःपक्षपातीपणाविषयी शंका होती. विठ्ठलभाईंनी पद स्वीकारताच आपला स्वराज्य पक्षाशी असलेला संबंध संपल्याचे आणि यापुढे आपण सर्व पक्षांचे असल्याचे जाहीर केले.

या निवडीचे पडसाद स्वराज्य पक्षातही उमटले. ऑक्टोबर १९२५ मध्ये मध्यप्रांतातील स्वराज्य पक्षाचे नेते श्रीपाद बळवंत तांबे यांनी सरकारच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली व मोतीलाल नेहरूंनी त्याचा निषेध केला. त्यावेळी विठ्ठलभाईंनी सरकारी वेतनाचे अध्यक्षपद घेतले ते चालते, तर तांबे यांचेच काय चुकले, असा प्रश्न महाराष्ट्रातील नेत्यांनी उपस्थित केला. न. चिं. केळकर, मुकुंदराव जयकर व डॉ. बा. शि. मुंजे यांनी पुढे प्रतियोगी सहकाराचे धोरण पुरस्कारून वेगळी वाट धरली.

अध्यक्षीय कारकीर्द

सभात्यागाचा प्रसंग

राज्यघटनेतील सुधारणांची मागणी सरकारने मान्य न केल्याने ८ मार्च, १९२६ रोजी मोतीलाल नेहरूंच्या नेतृत्वाखाली स्वराज्य पक्षाने सभात्याग केला. सभागृहातील सर्वांत मोठा निर्वाचित पक्ष बाहेर गेला असल्याने सरकारने वादग्रस्त कामकाज पुढे आणू नये, तसे झाल्यास आपल्याला आपले अधिकार वापरून सभागृह तहकूब करावे लागेल, असे विठ्ठलभाईंनी बजावले. या विधानावर टीका झाली. आपली भाषा अध्यक्षाला न शोभणारी होती हे दुसऱ्या दिवशी त्यांनी सभागृहात मान्य केले. पक्षातून बाहेर पडल्याची घोषणा करणे आणि पक्षीय सवयी सोडणे यांत अंतर असल्याचे या प्रसंगाने दाखविले, तसेच स्वतःची चूक जाहीरपणे दुरुस्त करण्याची त्यांची तयारीही दिसली.

१९२७ च्या जानेवारीत नव्या विधानसभेने त्यांची अध्यक्षपदी एकमताने फेरनिवड केली. दीड वर्षापूर्वी त्यांच्या विरोधात मत देणाऱ्या सरकारी गोटानेही या वेळी प्रतिस्पर्धी उभा केला नाही. त्याच महिन्यात नवी दिल्लीतील कौन्सिल हाउसचे, म्हणजे पुढील काळातील संसद भवनाचे, उद्‌घाटन झाले व त्या सभागृहातील पहिले अध्यक्ष विठ्ठलभाई ठरले. त्याच वर्षी त्यांनी इंग्लंडला जाऊन हाउस ऑफ कॉमन्सच्या कामकाजाचे निरीक्षण केले.

रिझर्व्ह बँक विधेयक

मध्यवर्ती बँक भागधारकांची असावी की सरकारी मालकीची, या मुद्द्यावर १९२७ मध्ये सरकार व सभागृह यांच्यात मतभेद झाले. चालू विधेयक सोयीचे होत नाही असे दिसताच १९२८ मध्ये अर्थसदस्य सर बेसिल ब्लॅकेट यांनी त्याच विषयावर नवे विधेयक मांडण्याचे ठरविले. पहिले विधेयक सभागृहासमोर प्रलंबित असताना ते बाजूला सारून दुसरे आणणे हा कामकाजाच्या पद्धतीचा दुरुपयोग आहे, असा निर्णय देऊन विठ्ठलभाईंनी नवे विधेयक मांडू दिले नाही. अखेर सरकारला त्या वेळी हा विषय सोडावा लागला. रिझर्व्ह बँकेचा कायदा १९३४ मध्ये झाला.

सार्वजनिक सुरक्षा विधेयक

१९२८ मध्ये सरकारने सार्वजनिक सुरक्षा विधेयक आणले. हिंदुस्थानातील कामगार चळवळीत काम करणाऱ्या परदेशी कम्युनिस्टांना न्यायालयीन चौकशीशिवाय देशाबाहेर घालविण्याचा अधिकार त्याद्वारे सरकारला मिळणार होता. सप्टेंबर १९२८ मध्ये सिमला येथे हे विधेयक विचारात घेण्याच्या प्रस्तावावर दोन्ही बाजूंना सारखीच मते पडली. अशा वेळी अध्यक्षाला निर्णायक मत द्यावे लागते. विठ्ठलभाईंनी ते विधेयकाच्या विरोधात दिले. एवढा असाधारण कायदा हवा असणाऱ्याने सभागृहाचे बहुमत स्वतः मिळविले पाहिजे, अध्यक्षाच्या मतावर तो संमत होणे उचित नाही, अशी त्यांची भूमिका होती.

सरकारने १९२९ च्या आरंभी हे विधेयक पुन्हा मांडले. त्याची चर्चा सुरू असतानाच २० मार्च रोजी देशभरातील कामगार पुढाऱ्यांना अटक होऊन मीरत कट खटला उभा राहिला. आरोपींत मुंबईतील श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारखे गिरणी कामगारांचे नेते होते. विधेयकाला आधार म्हणून दिलेली कारणे आणि खटल्यातील आरोप बव्हंशी एकच होते. न्यायप्रविष्ट प्रकरणावर सभागृहात बोलू नये असा नियम असल्याने विधेयकावर खरी चर्चा करणे अशक्य झाले होते. २ एप्रिल रोजी विठ्ठलभाईंनी सरकारपुढे दोन पर्याय ठेवले. खटला संपेपर्यंत विधेयक थांबवावे, किंवा विधेयक तातडीचे वाटत असल्यास खटला मागे घ्यावा. सरकारने दोन्ही नाकारले आणि अशा कारणासाठी विधेयक अडविण्याचा अधिकार अध्यक्षाला नाही, असा पवित्रा घेतला.

८ एप्रिल, १९२९ रोजी औद्योगिक तंटे विधेयकावरील मतदानानंतर विठ्ठलभाई सुरक्षा विधेयकावरील आपला निर्णय देण्याच्या बेतात असताना भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी प्रेक्षकसज्जातून सभागृहात बॉम्ब टाकले व पत्रके भिरकावली. सभागृहात गोंधळ उडाला आणि कामकाज तहकूब झाले. क्रांतिकारकांच्या दृष्टीने विधानसभा हा एक निष्फळ देखावा होता. त्याच सभागृहाच्या अधिकारात सरकारला अडविण्याचे सामर्थ्य आहे, हे दाखविणारा निर्णय अध्यक्षांच्या हाती त्या क्षणी तयार होता. तो ११ एप्रिल रोजी जाहीर झाला. ज्या विधेयकावर सदस्यांना मोकळेपणाने बोलता येत नाही त्यावर त्यांचे मत मागणे हा सभागृहाचा दुरुपयोग होय, असे ठरवून विठ्ठलभाईंनी विधेयक नियमबाह्य ठरविले.

दुसऱ्याच दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी दोन्ही सभागृहांसमोर भाषण करून सरकारची भूमिका मांडली व त्यानंतर विधेयकातील तरतुदी वटहुकमाने अमलात आणल्या. पुढे नियमांत दुरुस्ती करून, स्पष्ट तरतूद नसल्यास विधेयकावरील चर्चा रोखण्याचा अध्यक्षाचा अधिकार काढून घेण्यात आला. अशा रीतीने व्यवहारात सरकारची सरशी झाली. परंतु सभागृहाच्या संमतीचा आभास न निर्माण करता स्वतःच्या जबाबदारीवर दडपशाहीचा कायदा करणे सरकारला भाग पडले.

स्वतंत्र सचिवालय

विधानसभेचे कार्यालयीन काम तोपर्यंत सरकारच्या विधी खात्याकडे होते. अध्यक्षाला सल्ला देणारे अधिकारी सरकारचेच नोकर होते आणि सरकार हा सभागृहातील प्रत्येक वादातील एक पक्ष होता. अध्यक्षाच्या नियंत्रणाखाली स्वतंत्र कार्यालय असावे, अशी मागणी विठ्ठलभाईंनी लावून धरली. सप्टेंबर १९२८ मध्ये मोतीलाल नेहरूंनी तसा ठराव मांडला व सभागृहाने तो स्वीकारला. त्यानुसार १० जानेवारी, १९२९ रोजी विधानसभेचे स्वतंत्र खाते अस्तित्वात आले. आजचे लोकसभा सचिवालय हे त्याचेच पुढील रूप आहे. संसदेच्या प्रत्येक सभागृहाला स्वतंत्र सचिवालय असावे, हे तत्त्व भारताच्या संविधानाच्या अनुच्छेद ९८ मध्ये समाविष्ट झाले.

सभागृहाची सुरक्षा

बॉम्बच्या घटनेनंतर सभागृहाच्या परिसरात पोलिसांचा बंदोबस्त वाढविण्यात आला. हा बंदोबस्त सरकारच्या हुकमतीखाली असावा की अध्यक्षाच्या, यावरून वाद झाला. सभागृहाच्या आवारातील व्यवस्था ही सर्वस्वी अध्यक्षाच्या अधिकारातील बाब आहे, असे विठ्ठलभाईंचे म्हणणे होते. जानेवारी १९३० मध्ये त्यांनी प्रेक्षकसज्जे बंद ठेवण्याचा आदेश दिला. अखेर तडजोड होऊन अध्यक्षाच्या नियंत्रणाखालील रक्षकदलाची कल्पना मान्य झाली. संसदेत दीर्घकाळ असलेल्या ‘वॉच अँड वॉर्ड’ या सुरक्षाव्यवस्थेचा उगम या तडजोडीत आहे.

अध्यक्षपद आणि चळवळ

अध्यक्षपदावर असतानाही विठ्ठलभाईंनी राष्ट्रीय चळवळीशी असलेले नाते लपविले नाही. आपल्या वेतनातील मोठा भाग ते सार्वजनिक कामासाठी महात्मा गांधींकडे देत असत. १९२८ मध्ये बारडोली येथे वाढीव शेतसाऱ्याविरुद्ध वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा त्यांनी गांधींना पत्र लिहून सत्याग्रहींना पाठिंबा दर्शविला व दरमहा १००० रुपयांची मदत देऊ केली. सभागृहाच्या अध्यक्षाने सरकारविरुद्ध चाललेल्या आंदोलनाला उघड साह्य करावे, यावर टीका झाली. सभागृहात निःपक्षपाती राहणे म्हणजे नागरिक म्हणून मत नसणे नव्हे, अशी त्यांची धारणा दिसते.

लॉर्ड आयर्विन यांच्याशी तीव्र मतभेद असूनही त्यांचे वैयक्तिक संबंध सौजन्याचे होते. सरकार व काँग्रेस यांच्यात समेट व्हावा यासाठी विठ्ठलभाईंनी प्रयत्न केले. २३ डिसेंबर, १९२९ रोजी दिल्लीत आयर्विन यांची भेट घेणाऱ्यांत गांधी, मोतीलाल नेहरू, महंमद अली जिना व तेजबहादूर सप्रू यांच्यासमवेत तेही होते. वसाहतीच्या स्वराज्याचे आश्वासन न मिळाल्याने ही भेट निष्फळ ठरली. त्यानंतर काही दिवसांतच लाहोर काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला व कायदेमंडळांवर पुन्हा बहिष्कार पुकारला.

राजीनामा आणि तुरुंगवास

मार्च १९३० मध्ये दांडीयात्रेपूर्वीच वल्लभभाईंना रास या गावी अटक झाली. ६ एप्रिल रोजी गांधींनी मिठाचा कायदा मोडला. काँग्रेसचे सदस्य विधानसभेतून बाहेर पडले होते. इंग्लंडच्या कापडाला सवलत देणाऱ्या जकातीच्या प्रश्नावरून पंडित मदनमोहन मालवीय यांनीही सभागृह सोडले. लोकप्रतिनिधींचा मोठा भाग नसलेल्या सभागृहात अध्यक्ष राहून काही साधता येणार नाही आणि आपले स्थान आता लढणाऱ्या देशबांधवांमध्ये आहे, अशा निष्कर्षाला विठ्ठलभाई आले. २५ एप्रिल, १९३० रोजी त्यांनी व्हाइसरॉयकडे अध्यक्षपदाचा राजीनामा पाठविला. १९२२ मध्ये कायदेमंडळाच्या मार्गाचा आग्रह धरणाऱ्या नेत्याने आठ वर्षांनी त्या मार्गाची मर्यादा स्वतःच मान्य केली होती.

२३ एप्रिल रोजी पेशावरमध्ये निःशस्त्र जमावावर झालेल्या गोळीबाराच्या चौकशीसाठी काँग्रेसने नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. सरहद्द प्रांतात प्रवेशास मनाई असल्याने समितीने रावळपिंडी येथे साक्षी नोंदविल्या. तिचा अहवाल सरकारने जप्त केला. ऑगस्ट १९३० मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या अन्य सदस्यांबरोबर त्यांना दिल्लीत अटक होऊन सहा महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगात प्रकृती ढासळल्याने मुदतीपूर्वीच त्यांची सुटका करण्यात आली.

परदेशातील अखेरची वर्षे

पुढे उपचारांसाठी ते युरोपात गेले. आजारी असतानाही त्यांनी प्रचारकार्य थांबविले नाही. अमेरिकेचा दौरा करून त्यांनी अनेक ठिकाणी भाषणे दिली. आयर्लंडचे नेते इमन डी व्हॅलेरा यांची त्यांनी भेट घेतली. हिंदुस्थानचा प्रश्न इतर देशांतील जनतेपुढे नेला पाहिजे, असे त्यांचे मत झाले होते.

१९३३ मध्ये व्हिएन्ना येथे त्यांचा सुभाषचंद्र बोस यांच्याशी निकटचा सहवास घडला. बोस हेही उपचारांसाठी तेथे आले होते. मे १९३३ मध्ये गांधींनी सविनय कायदेभंग स्थगित केल्यावर दोघांनी संयुक्त पत्रक काढले. राजकीय नेते या नात्याने गांधी अयशस्वी ठरले असून काँग्रेसची नव्या तत्त्वांवर व नव्या पद्धतीने पुनर्रचना झाली पाहिजे, असा त्याचा आशय होता. गांधींचे निष्ठावान सहकारी असलेल्या वल्लभभाईंच्या आणि विठ्ठलभाईंच्या राजकीय भूमिकांतील अंतर या पत्रकाने स्पष्ट केले.

निधन आणि मृत्युपत्र

स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाजवळच्या एका आरोग्यधामात २२ ऑक्टोबर, १९३३ रोजी विठ्ठलभाईंचे निधन झाले. अखेरच्या दिवसांत बोस यांनी त्यांची शुश्रूषा केली. पार्थिव जहाजाने मुंबईला आणण्यात आले. मुंबईत चौपाटीवर लोकमान्य टिळकांच्या समाधीशेजारी आपल्यावर अंत्यसंस्कार व्हावेत अशी त्यांची इच्छा होती, परंतु सरकारने परवानगी दिली नाही. नोव्हेंबर १९३३ मध्ये प्रचंड जनसमुदायाच्या उपस्थितीत सोनापूर स्मशानभूमीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. वल्लभभाई त्यावेळी नाशिकच्या तुरुंगात होते. अंत्यसंस्कारासाठी सरकारने घातलेल्या अटींवर बाहेर येण्यास त्यांनी नकार दिला, त्यामुळे ते भावाच्या अंत्यदर्शनाला उपस्थित राहू शकले नाहीत.

विठ्ठलभाईंनी आपल्या मालमत्तेचा मोठा भाग हिंदुस्थानच्या राजकीय उन्नतीसाठी, विशेषतः परदेशातील प्रचारासाठी, वापरावा म्हणून सुभाषचंद्र बोस यांच्या स्वाधीन केला होता. या तरतुदीच्या वैधतेविषयी वल्लभभाईंनी शंका घेतली व वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. १९३९ मध्ये निकाल बोस यांच्या विरोधात लागला. वारसांनी ही रक्कम स्वतःकडे न ठेवता विठ्ठलभाईंच्या स्मारकासाठी दिली. या वादामुळे बोस व वल्लभभाई यांच्यातील दुरावा वाढला.

मूल्यमापन

विठ्ठलभाईंच्या टीकाकारांच्या मते त्यांचे निर्णय अनेकदा राष्ट्रीय पक्षाला अनुकूल ठरले आणि सार्वजनिक सुरक्षा विधेयकाच्या प्रकरणी त्यांनी अध्यक्षाच्या अधिकारांची कक्षा ताणली. समर्थकांच्या मते ब्रिटिश पार्लमेंटमधील संकेत येथे जसेच्या तसे लागू करणे शक्य नव्हते. तेथे सरकार सभागृहाच्या विश्वासावर टिकून असते. येथे सरकारला सभागृह हटवू शकत नव्हते, म्हणून सभागृहाच्या हक्कांचे रक्षण करण्याची जबाबदारी अध्यक्षावर अधिक होती.

त्यांच्या प्रमुख निर्णयांपैकी बहुतेक सरकारने वटहुकूम किंवा नियमबदल यांद्वारे निष्प्रभ केले. त्यांनी उभारलेली व्यवस्था मात्र टिकली. अध्यक्षाने पक्षापासून अलिप्त राहणे, सभागृहाचे सचिवालय सरकारपासून स्वतंत्र असणे आणि सभागृहाच्या आवारात अध्यक्षाचाच अधिकार चालणे, ही तीन तत्त्वे पुढील अध्यक्षांच्या काळात रूढ झाली. १९४६ मध्ये या विधानसभेचे अखेरचे अध्यक्ष म्हणून निवडून आलेले आणि १९५२ मध्ये लोकसभेचे पहिले अध्यक्ष झालेले गणेश वासुदेव मावळंकर यांनी ही परंपरा पुढे नेली. मावळंकर यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील असून अहमदाबादमध्ये ते वल्लभभाईंचे सहकारी होते.

स्मारके

नवी दिल्लीत संसदेजवळील रफी मार्गावरील विठ्ठलभाई पटेल हाउस आणि मुंबईत गिरगावातील विठ्ठलभाई पटेल मार्ग यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे. गुजरातमधील वल्लभ विद्यानगर येथील विज्ञान महाविद्यालयाच्या नावातही त्यांचा उल्लेख आहे. त्यांच्या अध्यक्षपदाच्या निवडीला शंभर वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली विधानसभेच्या इमारतीत देशातील विधिमंडळांच्या अध्यक्षांची परिषद भरविण्यात आली. नवी दिल्लीतील कौन्सिल हाउस बांधून होण्यापूर्वी केंद्रीय विधानसभेची दिल्लीतील अधिवेशने याच इमारतीत होत असत.